बक्षीस देऊन शिकवताना कुत्रीचे ठोके वाढतात, म्हणजे तिला ताण येतो का?

प्रश्न थोडक्यात असा: दोन वर्षांची, मध्यम आकाराची कुत्री. शिकवणं क्लिकर (बरोबर कृतीच्या क्षणी ‘टिक’ वाजवायचं छोटं साधन) आणि खाऊवर चालतं, ओरडणं-खेचणं अजिबात नाही. कुतूहल म्हणून तिच्या छातीला हार्ट रेटचा पट्टा लावला. स्वस्थ उभी असताना मिनिटाला ८४ ठोके, सेशन सुरू झालं की १२० ते १३०. अवघड काम दिलं की ती मध्येच थबकते आणि नेमके तेव्हाच ठोके खाली येतात. तर, बक्षिसाची पद्धत ताण देत नाही म्हणतात, मग ठोके का चढतात? थबकल्यावर कमी होतात म्हणजे ती शांत होते का? आणि आकडा बघून सेशन कधी थांबवायचं हे ठरवता येईल का?

तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच अडचण आहे. १३० या आकड्यामागे एकच कारण आहे असं धरून आपण त्याला नाव द्यायला जातो: ताण, आनंद, एकाग्रता. प्रत्यक्षात ती बेरीज असते. अंगाची हालचाल, खाऊची चाहूल, चघळणं आणि गिळणं, धाप, उभं की बसलेलं, डोक्याला पडलेलं काम, आणि असलाच तर ताण. हृदय एकूण रक्कम सांगतं, तपशील देत नाही. शिवाय प्राणी किती उत्तेजित आहे एवढंच ठोक्यांवरून कळतं. जे चाललंय ते त्याला आवडतंय का, हे कळत नाही. आवडतं माणूस दारात दिसलं तरी ठोके चढतात आणि ढग गडगडले तरी चढतात. आवडनिवड वागण्यातून वाचावी लागते. म्हणून पट्टा आणि व्हिडिओ नेहमी जोडीनं वापरायचे. नुसत्या पट्ट्यावरून काढलेला निष्कर्ष मी ग्राह्य धरत नाही.

बऱ्याच गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, हेही आधीच सांगतो. लहान चणीच्या कुत्र्यांचे ठोके मोठ्यांपेक्षा जलद असतात, पिल्लांचे त्याहून जलद. रोज पळणाऱ्या कुत्र्याचे विश्रांतीतले ठोके कमी असतात. आखूड नाकाच्या जातींमध्ये श्वास आणि ठोके यांचं नातं वेगळं दिसतं. हवा गरम असेल तर धापेमुळे सगळंच बदलतं. अटेनोलॉलसारखं औषध चालू असेल तर आकडा दबलेला राहतो. म्हणून दुसऱ्याच्या कुत्र्याशी तुलना करण्यात अर्थ नाही. तिची तुलना तिच्याशीच, तीही शक्यतो त्याच वेळी, त्याच जागी आणि जेवणापासून तेवढ्याच अंतरानं.

आता यंत्रणा, कारण ती कळली की पुढचं सोपं जातं. हृदयाच्या नैसर्गिक पेसमेकरवर दोन बाजूंनी ताबा असतो. अनुकंपी चेतासंस्था ठोके वाढवते आणि परानुकंपी, म्हणजे मुख्यतः व्हेगस चेता, ते रोखून धरते. स्वस्थ कुत्र्यात व्हेगसचा लगाम बऱ्यापैकी घट्ट असतो. दोघींच्या वेगात मात्र मोठा फरक आहे. व्हेगसचा लगाम एक-दोन ठोक्यांत सैल किंवा घट्ट होतो. अनुकंपी बाजूचा परिणाम दिसायला काही सेकंद लागतात आणि ओसरायलाही वेळ लागतो. त्यामुळे इशाऱ्यानंतर सेकंदभरात झालेली वाढ म्हणजे लगाम सैल झाला, एवढंच. दहा-वीस सेकंद हळूहळू चढत जाणारी आणि थांबल्यावरही रेंगाळणारी वाढ वेगळी असते. तुमच्या आलेखात १२०-१३० चा पठारासारखा भाग आहे की उंच टोकं येऊन लगेच खाली जातात, हे पहिल्यांदा बघा.

हालचालीचा वाटा लोक फार कमी धरतात. हृदय स्नायूंच्या मागणीमागे धावतं. पॉल ऑब्रिस्ट या संशोधकानं १९६०-७० च्या दशकांत याच नात्यावर बरंच काम केलं. त्याचं म्हणणं असं की शिकण्याच्या प्रयोगांत हृदयगतीत जे बदल दिसतात, त्यातले बरेचसे शरीराच्या हालचालीशी किंवा हालचालीच्या तयारीशी बांधलेले असतात. कुत्री चार पावलं चालत येऊन खाऊ घेते, पुन्हा जागेवर जाते, बसते, उठते. मिनिटात दहा वेळा हे झालं तर तो व्यायामच झाला.

हा वाटा वेगळा काढायचा तर चार रेकॉर्डिंग लागतात. पहिलं: स्वस्थ उभी, पाच मिनिटं, हातात खाऊ नाही. दुसरं: सेशनमध्ये होते तेवढीच चाल आणि ऊठबस, पण खाऊ नाही आणि नवीन काही शिकवणं नाही. तिसरं: तीच हालचाल, आणि खऱ्या सेशनमध्ये ज्या ज्या क्षणी खाऊ मिळाला त्याच अंतरांनी खाऊ, पण तिच्या कृतीशी त्याचा संबंध नाही. चौथं: खरं सेशन. तिसऱ्याचं वेळापत्रक चौथ्याच्या व्हिडिओवरूनच मिळतं, म्हणून खरं सेशन किमान एकदा आधी करून ठेवावं लागतं. चारही एकाच दिवशी एकापाठोपाठ घेऊ नका. शेवटचं रेकॉर्डिंग नेहमी तापलेल्या अंगानं होतं आणि आकडा फुगतो. वेगवेगळ्या दिवशी, क्रम बदलून घ्या.

समजा आकडे असे आले (हे फक्त उदाहरण आहे): स्वस्थ ८४, हालचाल १०२, फुकटचा खाऊ ११४, खरं सेशन १२३. एकूण वाढ ३९ ठोक्यांची. त्यातले १८ पायांचे, १२ खाऊचे, आणि शिकण्याच्या नावावर जेमतेम ९ उरले. वजाबाकी इतकी काटेकोर चालत नाही, कारण हे परिणाम एकमेकांत मिसळतात आणि ठोके वर गेल्यावर पुढची वाढ वेगळ्या गतीनं होते. तरी अंदाज येण्यापुरती ही पद्धत पुरते. “शिकवताना ३९ ठोके वाढतात” आणि “शिकण्यामुळे सुमारे ९ वाढतात” ही दोन फार वेगळी विधानं आहेत.

तिसऱ्या रेकॉर्डिंगची कल्पना संशोधनातलीच आहे. हेगन आणि ब्रूम यांनी २००४ मध्ये कालवडींवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. काही कालवडींना पॅनल दाबून फाटक उघडायला शिकवलं. फाटकापलीकडे खाद्य होतं. प्रत्येकीची एक जोडीदार होती. तिच्यासाठीही फाटक तेवढ्याच वेळानं उघडायचं, पण तिच्या कृतीनं नाही. शिकणाऱ्या कालवडींमध्ये ज्या दिवशी शिकण्यात स्पष्ट सुधारणा झाली, त्या दिवशी ठोके जास्त होते आणि खाद्याकडे जाण्याचा जोरही जास्त असल्याचा कल दिसला. “शिकण्याचा आनंद” म्हणून हा प्रयोग बऱ्याचदा सांगितला जातो. तो अर्थ शक्य आहे. पण जोरात जाणं आणि ठोके वाढणं एकत्र आलं की पायांचा वाटा किती, हा प्रश्न तिथेही विचारावाच लागतो.

फुकटच्या खाऊबद्दल एक सावधगिरी. २०१४ मध्ये मॅकगोवन आणि सहकाऱ्यांनी बीगल कुत्र्यांवर असाच जोडीचा प्रयोग केला. ज्यांच्या कृतीनं बक्षीस मिळत होतं ती कुत्री प्रयोगाच्या खोलीत उत्सुकतेनं जायची आणि जास्त शेपटी हलवायची. ज्यांना तेच बक्षीस मिळत होतं, पण आपल्या करणीनं नाही, ती आत जायला कुरकुरायला लागली. बक्षीस सारखं असूनही वागणं उलट. म्हणून तिसरं रेकॉर्डिंग दोन मिनिटांत आटपा आणि रोज करू नका. तेवढ्यासाठी कुत्रीला वैताग देण्यात अर्थ नाही. हृदयगतीनं जे कळलं नसतं ते वागण्यानं सांगितलं, हेही इथे लक्षात येतं.

आता एकच प्रयत्न जवळून बघू. ठोके प्रति मिनिट हा आकडा बाजूला ठेवा आणि दोन ठोक्यांमधलं अंतर मिलिसेकंदांत बघा. इशाऱ्याआधी अंतरं अशी: ६२०, ५६०, ६४०, ७००. हा चढउतार बिघाड नाही. निरोगी कुत्र्यात श्वास घेताना ठोके जलद आणि सोडताना सावकाश होतात, आणि हे प्रमाण माणसापेक्षा ठळक असतं. मग इशारा दिला: ७२०, ७६०, ७४०. ठोके मंदावले, ७६० म्हणजे मिनिटाला ७९. कान पुढे, तोंड बंद, शरीर स्थिर. मग बरोबर कृती, क्लिक, आणि ती खाऊकडे निघाली: ६००, ५४०, ५००. शेवटचा आकडा म्हणजे मिनिटाला १२०. इशाऱ्यापासूनचं हे सगळं पाच सेकंदांच्या आत घडलं. पट्ट्याबरोबरचं घड्याळ किंवा मोबाइल अ‍ॅप साधारणपणे काही सेकंदांची सरासरी दाखवतं. त्यामुळे मधली घसरण पडद्यावर दिसतही नाही, क्लिकनंतरचा चढ तेवढा दिसतो. म्हणूनच “क्लिक झाला की ठोके वाढतात” असं वाटतं. क्लिकनंतर पाय हलतात, हे त्यामागचं साधं कारण.

मात्र एका प्रयत्नावरून काहीही ठरवू नका. इशारा नेमका श्वास सोडताना पडला असेल तर ठोके तसेही मंदावणारच होते. वीस-तीस प्रयत्नांमधले इशाऱ्याचे क्षण एकाखाली एक लावा आणि प्रत्येक सेकंदाची सरासरी काढा. श्वासाचा चढउतार त्यात पुसला जातो आणि इशाऱ्याशी बांधलेला बदल तेवढा उरतो. हालचालीचा गोंधळ कमी करायचा असेल तर काम असं निवडा की शरीर जागेवर राहील: हनुवटी टेबलावर टेकवून ठेवणं, किंवा दोन वस्तूंपैकी एकीला नाक लावणं. खाऊ तोंडापाशी नेऊन द्या, जमिनीवर टाकू नका. एवढ्या एका बदलानं आलेख ओळखू न येण्याइतका स्वच्छ होतो.

थबकण्याचा प्रश्न मला यातला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. नवीन किंवा महत्त्वाची गोष्ट समोर आली की प्राणी हालचाल थांबवतो, इंद्रियं तिकडे वळवतो आणि ठोके थोडा वेळ मंदावतात. ग्रॅहम आणि क्लिफ्टन यांनी १९६६ मध्ये हृदयगतीचं मंदावणं हा या लक्ष वेधलं जाण्याच्या प्रतिक्रियेचा भाग असल्याची मांडणी केली, आणि ती आजही वापरली जाते. म्हणजे तुमची कुत्री थबकते आणि ठोके उतरतात तेव्हा ती शांत झाली असं नाही; बहुतेक ती माहिती घेत असते. पण धोका वाटल्यावर गोठून उभं राहणाऱ्या प्राण्यातही ठोके मंदावू शकतात. आलेख दोन्हीकडे सारखाच, अर्थ विरुद्ध. इथे पट्टा हात टेकतो आणि डोळे कामाला येतात.

लक्ष देणारं थबकणं दोन-चार सेकंदांचं असतं. वजन चारही पायांवर किंवा किंचित पुढे, नजर वस्तूवर, तोंड सैलसर मिटलेलं. त्यानंतर ती काहीतरी करते, मग ते चूक का असेना, आणि खाऊ नेहमीसारखा घेते. गोठलेलं थबकणं लांबतं. वजन मागच्या पायांवर, अंग ताठ, मान खाली, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतो किंवा नजर मुद्दाम दुसरीकडे. त्यातून ती सुटते तीही ओठ चाटत, जांभई देत, अंग झटकत किंवा जमीन हुंगायला लागत. खात्री करण्याचा सोपा उपाय म्हणजे दहा वेळा विचारलं तर दहाही वेळा करते असं पाठ झालेलं काम सांगणं, समजा “बस”. लगेच बसली आणि खाऊ मऊ तोंडानं घेतला तर काळजी नाही. ऐकूच आलं नाही असं वागली, किंवा खाऊ हिसकावून घेतला, किंवा घेतलाच नाही, तर काम त्या क्षणी तिच्या आवाक्याबाहेर गेलेलं आहे.

जांभई आणि ओठ चाटणं यांबद्दल थोडं विषयांतर. या खुणा हल्ली यादी पाठ केल्यासारख्या वापरल्या जातात. खाऊच्या सेशनमध्ये कुत्री ओठ चाटते कारण तोंडाला खाऊ लागलेला असतो. खाऊ गिळल्यानंतर तीन-चार सेकंदांच्या आतलं चाटणं मी मोजत नाही. शेपटीचंही तसंच, नुसतं हलणं पुरेसं नाही. २०१३ मध्ये सिनिस्काल्की आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांना शेपटी हलवणाऱ्या कुत्र्यांचे व्हिडिओ दाखवले. डावीकडे जास्त झुकणारी शेपटी बघताना त्यांचे ठोके जास्त चढले आणि अस्वस्थतेच्या खुणाही वाढल्या. अर्थात, सेशन चालू असताना शेपटीची बाजू मोजत बसण्याचा सल्ला मी देणार नाही.

सेशन सुरू होण्याआधीच ठोके चढत असतील तर तेही अपेक्षित आहे. बक्षिसाशी जोडलेला इशारा हळूहळू स्वतःच बक्षिसाची बातमी होतो. वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या माकडांवरच्या प्रयोगांतून आणि शुल्ट्झ, डायन व माँटेग्यू यांच्या १९९७ च्या लेखातून मेंदूतलं चित्र स्पष्ट झालं. अनपेक्षित बक्षिसाला डोपामिनच्या (मेंदूतल्या एका संदेशवाहक रसायनाच्या) पेशी जोरात प्रतिसाद देतात. सवय झाल्यावर तोच प्रतिसाद बक्षिसाआधीच्या इशाऱ्याला मिळतो, आणि ठरल्या वेळी बक्षीस आलं नाही तर पेशींची हालचाल नेहमीपेक्षा खाली जाते. हृदय हे डोपामिनचं मीटर नाही, पण चाहुलीचा परिणाम वागण्यात आणि ठोक्यांत दिसतोच. म्हणून खाऊची पिशवी कमरेला लावल्यानंतर मोजलेली “विश्रांती” ही विश्रांती नसते. तुमचे ८४ पिशवी दिसण्याआधीचे आहेत की नंतरचे, हे तपासा.

याचीच दुसरी बाजू: बक्षीस चुकलं तर काय? दर वेळी खाऊ मिळत होता आणि अचानक तीन प्रयत्नांत एकदा मिळायला लागला, की भुंकणं, पंजा मारणं, तीच कृती जोरात करणं सुरू होतं आणि ठोकेही चढतात. पद्धत बक्षिसाची असली तरी हा वैतागच असतो. “आम्ही फक्त खाऊ देतो, त्यामुळे ताण नाही” हे विधान इथेच लंगडं पडतं. ताण शिक्षेतूनच येतो असं नाही. अस्पष्ट निकष आणि अचानक आटलेलं बक्षीस यांतूनही येतो. नवीन काम शिकवताना मिनिटाला दहा-बारा वेळा खाऊ मिळेल एवढे छोटे टप्पे पाडा. तुकडा वाटाण्याएवढा, मऊ, पटकन गिळता येणारा. कडक बिस्किट चघळण्यात वेळ जातो आणि जबड्याच्या स्नायूंचे विद्युत संकेत रेकॉर्डिंगमध्ये घुसतात. दहापैकी आठ बरोबर आले की निकष वाढवा. पाचपेक्षा कमी आले किंवा सलग दोन चुकले की मागच्या टप्प्यावर या. एका वेळी एकच गोष्ट अवघड करा: अंतर, वेळ किंवा आजूबाजूचा गोंधळ. सगळा खाऊ दिवसाच्या आहाराच्या दहा टक्क्यांत बसवा.

आता मोजमाप चुकतं कुठे. मनगटावर बांधतात तसलं प्रकाशावर चालणारं सेन्सर केसांवरून नीट वाचत नाही. छातीचा ईसीजी पद्धतीचा पट्टा लागतो. इलेक्ट्रोड कोपराच्या मागे, छातीच्या खालच्या भागात येऊ द्या. केस बाजूला सारून त्वचेपर्यंत पाणी आणि वर इलेक्ट्रोड जेल. केस दाट असतील तर रुपयाएवढ्या भागातले केस कापावे लागतात. पट्ट्याखाली दोन बोटं जातील इतका घट्ट. सैल पट्टा सरकतो आणि प्रत्येक पावलाला खोटा ठोका उमटतो. पट्ट्याची सवय आधी वेगळी करा, दिवसाला काही मिनिटं, तो घालून ती नेहमीसारखी वावरेपर्यंत. नाहीतर तुम्ही शिकण्याचा नाही, पट्ट्याचा परिणाम मोजाल.

कच्ची अंतरं साठवणारं अ‍ॅप वापरा. मग ओळीनं नजर फिरवा. ६०० च्या रांगेत अचानक १२०० दिसला तर मधला ठोका निसटला असावा. ३०० आणि ३०० दिसले तर एक खोटा घुसला. सॉफ्टवेअर दुरुस्ती करतं, पण त्याची मर्यादा सगळ्यात कमी कठोर ठेवून सुरुवात करा, कारण कुत्र्याचा स्वाभाविक चढउतार माणसासाठी बनवलेल्या कठोर गाळणीला चूक वाटतो आणि ती तो सपाट करून टाकते. पाच टक्क्यांहून जास्त ठोके दुरुस्त करावे लागले तर तो तुकडा टाकून द्या. व्हिडिओ आणि पट्ट्याची वेळ जुळवायला सुरुवातीला आणि शेवटी कॅमेऱ्यासमोर इलेक्ट्रोडवर तीनदा टिचकी मारा. आलेखात ओरखडा उमटतो आणि दोन घड्याळं मध्ये किती सरकली तेही कळतं.

एचआरव्ही, म्हणजे ठोक्यांमधल्या अंतरांचा चढउतार, याबद्दल विचारलेलं नाही, पण अ‍ॅप तो दाखवतंच आणि माणसं त्यात अडकतात. आरएमएसएसडी हा आकडा लागोपाठच्या अंतरांमधल्या फरकांवरून काढतात आणि तो मुख्यतः व्हेगसच्या कामाकडे बोट दाखवतो. तीन अडचणी. पहिली, माणसांसाठी १९९६ मध्ये ठरलेल्या शिफारशींत छोट्या रेकॉर्डिंगची लांबी पाच मिनिटं आहे; शिकवण्याचं सेशन दोन-तीन मिनिटांचंच असतं. एक मिनिटाच्या तुकड्याची तुलना फक्त दुसऱ्या एक मिनिटाच्या तुकड्याशीच करा. दुसरी, ठोके वाढले की अंतरं आखूड होतात आणि त्यांच्यातले फरकही बहुतेक वेळा आक्रसतात. म्हणून “ठोके वाढले, शिवाय एचआरव्ही कमी झाली” हे दोन पुरावे नाहीत, बराचसा एकच पुरावा दोनदा मोजलेला आहे. ठोके जवळपास सारखे असलेल्या दोन तुकड्यांमध्ये फरक दिसला तरच तो बोलका. तिसरी, धाप लागली की श्वासाशी बांधलेला चढउतार मोडतो आणि आकडा निरर्थक होतो. एलएफ-एचएफ गुणोत्तर, म्हणजे चढउताराच्या संथ आणि जलद भागांचं प्रमाण, “ताणाचा तराजू” म्हणून दाखवलं जातं, त्याकडे सरळ दुर्लक्ष करा.

घोड्यावर किंवा शेळीवर हेच करायचं झालं तर थोडे फरक आहेत. घोड्याचे विश्रांतीतले ठोके साधारण २८ ते ४४. त्याच्या ईसीजीत टी लहर, म्हणजे प्रत्येक ठोक्याच्या मुख्य टोकानंतर उमटणारी लहर, मोठी असल्यामुळे पट्टा कधीकधी एक ठोका दोनदा मोजतो. ३६ च्या जागी अचानक ७२ दिसले तर घोडा घाबरला असं म्हणण्याआधी आलेख बघा. विश्रांतीत मध्येच एखादा ठोका गळणंही निरोगी घोड्यात सामान्य आहे आणि हालचाल सुरू झाली की ते थांबतं. पण तेवढ्यानं आरएमएसएसडी आकाशाला भिडतो. श्वासाशी बांधलेला चढउतार मोजायची माणसांची वारंवारतेची कक्षा, म्हणजे ०.१५ ते ०.४ हर्ट्झ (सेकंदाला तितक्या वेळा), घोड्याला लावू नका. तो मिनिटाला आठ-दहा श्वास घेतो तेव्हा सेकंदाला ०.१३ ते ०.१७ होतात आणि श्वासाचा परिणाम या कक्षेच्या कडेवर किंवा बाहेर पडतो. शेळ्यांसाठी जर्मनीतल्या लांगबाइन आणि सहकाऱ्यांची रचना बघण्यासारखी आहे: बुटक्या शेळ्यांनी राहत्या गोठ्यातच लावलेल्या यंत्रावर चित्रं ओळखायची आणि बक्षीस म्हणून प्यायचं पाणी. माणूस समोर नसल्यामुळे माणसाचा परिणाम आपोआप वगळला जातो.

राहिला शेवटचा प्रश्न, कधी थांबवायचं. १३० झाले की थांबा, असा आकडा मी देणार नाही. त्याऐवजी उतार बघा. सेशन संपल्यावर पिशवी बाजूला ठेवा, तिला आधीच्याच पवित्र्यात स्वस्थ उभी राहू द्या आणि विश्रांतीच्या आकड्याच्या दहा टक्क्यांत यायला किती वेळ लागतो ते लिहा. ८४ असेल तर सुमारे ९२ पर्यंत. तिचा नेहमीचा वेळ दहा-बारा सेशनमध्ये कळून येतो. काम तेच, हालचाल तीच, आणि उतरायचा वेळ मात्र दुप्पट झाला, तर त्या दिवशी काहीतरी जड गेलं आहे. सोबत वागण्याच्या तीन नोंदी पुरतात: इशाऱ्यापासून कृतीपर्यंतचे सेकंद, खाऊ मऊ की हिसकावून, आणि दहापैकी बरोबर किती. प्रतिसाद लांबत चालला आणि खाऊ हिसकावणं वाढलं तर ठोके ११० असले तरी थांबा. प्रतिसाद चटकन, अंग सैल, चुका कमी असतील तर १३० ला घाबरायचं कारण नाही. थांबताना सोपं काम एकदा करून घ्या, खाऊ द्या आणि तिथेच संपवा. दोन-तीन मिनिटांची सेशन, मध्ये तेवढीच किंवा जास्त विश्रांती, हे बहुतेक कुत्र्यांना मानवतं.

पट्ट्यावर असं काही दिसलं की जे शिकवण्याशी जुळत नाही, तर तो विषय ट्रेनिंगचा राहत नाही. शांत पडलेली असतानाही मध्यम चणीच्या प्रौढ कुत्रीचे ठोके पुन्हा पुन्हा १४० च्या वर, श्वासाशी संबंध नसलेली अनियमितता, थोड्या हालचालीनं थकवा, खोकला, चक्कर येऊन पडणं, किंवा गाढ झोपेत मिनिटाला तीसहून जास्त श्वास वारंवार मोजले जाणं, यांपैकी काहीही असेल तर सेशन बंद ठेवा आणि पशुवैद्यांकडे न्या. जाताना कच्च्या अंतरांची फाइल आणि त्या वेळचा व्हिडिओ घेऊन जा. अ‍ॅपच्या आलेखाच्या स्क्रीनशॉटवरून त्यांना फारसं काही ठरवता येणार नाही.